दीपस्तंभाखालचा खडक

सिसिलीला जाण्याचे ठरले तेव्हा इंदुरातल्या स्नेह्यांनी आपापल्या परीने याद्या करून दिल्या. एकाने ग्रीकांची देवळे सांगितली, दुसऱ्याने एट्नाचा ज्वालामुखी सांगितला, आणि जन्म बँकेत काढलेल्या एका मित्राने पैशाचे पाकीट कोणत्या खिशात ठेवावे ते सांगितले. मी सर्वांचे आभार मानले. मला त्या बेटावर पाहायचा होता तो एक खडक. समुद्रात शिरलेल्या धक्क्याच्या टोकाशी, दीपस्तंभाच्या पायथ्याला असलेला सपाट खडक. दुपारी पोटभर मासळी जेवून एक पोलीस-निरीक्षक पाय मोकळे करीत तिथवर येतो, खडकावर बसून सिगारेट ओढतो, एखाद्या खेकड्याची खोडी काढतो आणि हाती असलेल्या खुनाचा विचार करतो. हा निरीक्षक जगात कुठे नाही, कधी नव्हता. साल्व्हो मोन्ताल्बानो हे त्याचे नाव, आणि व्हिगाता नावाच्या ज्या गावी तो नोकरीला आहे, ते गावही नकाशावर सापडत नाही.

चाळीस वर्षे कोर्टकचेरीत घालवलेल्या माणसाने उतारवयात असा खडक शोधत परमुलखात जावे, हे फारसे शहाणपणाचे नाही. पण त्याचे मूळ आमच्या घरात आहे. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू, ते मराठी वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके आणीत आणि वडिलांच्या नकळत मला वाचून दाखवीत. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांतल्या किती आम्ही दोघांनी कंदिलाच्या उजेडात संपवल्या, याची मोजदाद नाही. त्या वाचनातून माझी अशी पक्की समजूत झाली होती की खुनाला रात्र लागते. वारा सुटलेला असावा, दिवा फडफडावा, जिन्यात पाऊल वाजावे. पुढे इंग्रजी वाचू लागलो तेव्हा शेरलॉक होम्सच्या लंडनातले धुके भेटले आणि ती समजूत अधिकच घट्ट झाली.

२०१९ साली दादा गेले. त्यांची मुलगी मिलानहून दिवसांसाठी आली. वीस वर्षे ती तिकडेच असते, जावई तिकडचाच. परत जाताना तिने माझ्या हाती एक पुस्तक ठेवले. "काका, बाबांसाठी आणलं होतं, आता तुम्ही वाचा. यात खून भर उन्हात होतात."

ती होती मोन्ताल्बानोची पहिली कादंबरी, स्टीफन सार्टारेल्ली यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरात. नाव 'पाण्याचा आकार'. पहाटे दोन झाडूवाले समुद्राकाठच्या एका ओसाड माळावर कचरा उचलायला येतात. दोघेही भूमापनाची पदविका मिळवलेले, पण नोकरी नाही म्हणून हातात झाडू. जवळच एक बंद पडलेला रासायनिक कारखाना आहे. तिथे उभ्या असलेल्या मोटारीत त्यांना गावातल्या एका बड्या पुढाऱ्याचे प्रेत सापडते. मृत्यू नैसर्गिक आहे असे डॉक्टर म्हणतात, प्रकरण लवकर मिटावे असे सर्वांनाच वाटते, आणि म्हणूनच मोन्ताल्बानो ते मिटवायला तयार होत नाही. वकील म्हणून मला पहिली गोष्ट आवडली ती ही, की पुस्तकाची सुरुवात प्रेतापासून न होता बेकारीपासून होते.

लेखक आन्द्रेआ कामिल्लेरी यांचा जन्म १९२५ साली सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्तो एम्पेदोक्ले या बंदरगावी झाला. १९४९ मध्ये नाट्यशिक्षणासाठी ते रोमला गेले आणि २०१९ साली तिथेच वारले. मधल्या सत्तर वर्षांत त्यांनी नाटके बसवली, नाट्यशाळेत शिकवले आणि इटलीच्या सरकारी दूरचित्रवाणीवर काम केले. सिमेनॉनच्या मेग्रेच्या कथांवरील मालिकेची निर्मिती त्यांच्याकडे होती. पटकथाकार त्या कादंबऱ्या सुट्या करून पुन्हा कशा जोडतो हे शेजारी बसून पाहताना रहस्यकथेचे कसब आपण शिकलो, असे ते सांगत. 'पाण्याचा आकार' १९९४ साली निघाली तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. (सेवानिवृत्त वाचकांनी हे जरूर ध्यानात ठेवावे.) नायकाचे आडनाव त्यांनी बार्सेलोनाचे लेखक मान्वेल व्हास्केस मोन्ताल्बान यांच्या आदरापोटी घेतले. पालेर्मोच्या सेल्लेरिओ या प्रकाशनसंस्थेच्या गर्द निळ्या रंगाच्या छोट्या पुस्तकांतून या नायकाच्या एकूण २८ कादंबऱ्या आल्या. गाव मात्र साऱ्यांत एकच. रोममध्ये बसून हा माणूस जन्मभर सोडून आलेल्या गावाविषयी लिहीत राहिला, आणि त्या गावाला त्याने खरे नाव दिले नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात मी, पुतणी आणि तिचा बारा वर्षांचा मुलगा असे तिघे कातानियाला उतरलो. मुलाला मराठी सारे समजते. उत्तर मात्र तो इटालियनमध्ये देतो. पुतणीला त्याचे वाईट वाटते, मी काही बोलत नाही.

आधी आम्ही खोट्या व्हिगाताला गेलो. याचा खुलासा केला पाहिजे. मोन्ताल्बानोवरची दूरचित्रवाणी-मालिका १९९९ साली सुरू झाली आणि २०२१ पर्यंत चालली. तिचे चित्रीकरण झाले ते लेखकाच्या गावी नव्हे, तर तिथून बरेच पूर्वेला, रागूझा प्रांतात. १६९३ च्या भूकंपात हा सारा मुलूख जमीनदोस्त झाला होता. नंतर जी गावे उभी राहिली ती एकाच काळातली, एकाच मधाळ रंगाच्या दगडातली, आणि सज्जांच्या खाली दगडी राक्षसांचे चेहरे असलेली. शिक्ली नावाच्या गावची नगरपालिका ही मालिकेतली पोलीस-कचेरी. तिकीट काढून आत गेलो. टेबल, टेलिफोन, नकाशा, सारे जागच्या जागी. ज्या गावात खरे खटले वर्षानुवर्षे पडून असतील त्याच गावात खोट्या ठाण्याला एवढी रांग लागावी, याचे मला हसू आले. पण मीही त्याच रांगेत होतो.

तिथून समुद्राकाठी पुंता सेक्काला गेलो. एक दीपगृह, पिवळी वाळू, आणि वाळूवर उघडणारी गच्ची असलेले एक घर. याच घराच्या गच्चीवर मालिकेतला मोन्ताल्बानो कॉफी पितो आणि पायऱ्या उतरून पोहायला जातो. लोक पाठ समुद्राकडे करून घराचे छायाचित्र काढीत होते. ऑक्टोबर असूनही ऊन असे होते की पांढऱ्या भिंतीकडे पाहवत नव्हते. दुपारी एकच्या सुमारास सगळी दुकाने बंद झाली, खिडक्यांच्या झडपा ओढल्या गेल्या, आणि पर्यटकांखेरीज रस्त्यावर कुणी उरले नाही. माळव्यातल्या उन्हाळ्याची दुपार ज्याने पाहिली आहे त्याला ही शांतता ओळखीची वाटेल. त्या वेळी रस्त्यावर काहीही घडावे; झडपेच्या फटीतून दहा डोळे पाहतात आणि संध्याकाळी विचारले तर दहाही जण झोपलेले असतात.

या गावात बसून मला दादांच्या कंदिलाची आठवण झाली, आणि आमची जुनी समजूत कुठे चुकत होती ते लक्षात आले. धुक्यातल्या, रात्रीच्या रहस्यात कुणाला काही दिसलेले नसते. म्हणून तिथे होम्स लागतो. तो राखेवरून, चिखलावरून, बुटाच्या ठशावरून न दिसलेले दाखवून देतो. सिसिलीच्या उन्हात सर्वांना सर्व दिसलेले असते. रहस्य राहते ते कुणी बोलत नाही म्हणून. अशा ठिकाणी भिंग कुचकामाचे. माणसाला बोलते कसे करावे, हाच तिथला प्रश्न.

हे कामिल्लेरींच्या आधी लेओनार्दो शाशा यांनी लिहून ठेवले होते. शाशा (१९२१–१९८९) राकाल्मुतो या गावचे. पोर्तो एम्पेदोक्लेपासून ते गाव दूर नाही. १९६१ साली त्यांची 'घुबडाचा दिवस' ही कादंबरी आली. नावातच सारे आले. रात्रीचा पक्षी दिवसा उजेडी हिंडतो आहे. सकाळी चौकातून सुटणाऱ्या बसमध्ये चढता चढता एक माणूस गोळ्या लागून पडतो. बस उतारूंनी भरलेली. पोलीस येईपर्यंत ती रिकामी होते, आणि पाठमोऱ्या माणसांपैकी कोण होते हे चालकालाही आठवत नाही. शेजारी हरभऱ्याच्या पिठाची भजी विकणारा उभा असतो. त्याला तर गोळीबार झाल्याचाच पत्ता नसतो. तपासाला येतो कॅप्टन बेल्लोदी. तो उत्तरेकडच्या पार्मा शहराचा, सचोटीचा, कायद्यावर श्रद्धा असलेला. तो खरे शोधून काढतोही, आणि तरीही खटला त्याच्या हातातून विरघळून जातो. त्या काळी माफिया नावाची काही वस्तू आहे हेच नाकारणारे मोठे मोठे लोक इटलीत होते. पुढे १९९२ साली न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने यांना २३ मे रोजी आणि पाओलो बोर्सेल्लिनो यांना १९ जुलै रोजी पालेर्मोत व पालेर्मोजवळ स्फोट घडवून मारले. दोन्ही वेळा दिवस मावळायचा होता. मोन्ताल्बानोची पहिली कादंबरी त्यानंतर दोन वर्षांनी आली. तिच्यात आणि पुढच्या कादंबऱ्यांतही माफिया आहे, पण पार्श्वभूमीला. त्या लोकांना नायकाचा तोरा मिळेल असे काही आपल्या हातून लिहिले जाऊ नये, असा लेखकाचा कटाक्ष होता.

दुसऱ्या दिवशी मोटारीने पश्चिमेला निघालो. पर्यटकांच्या माहितीपत्रकात या रस्त्याचे चित्र नसते. पुंता सेक्काच्या मागेच प्लॅस्टिकने आच्छादलेली शेती सुरू होते. मैलोगणती टोमॅटो, मिरच्या, वांगी त्या पांढुरक्या कापडाखाली पिकतात आणि ट्यूनिशियातून, रुमानियातून आलेले मजूर तिथे राबतात. समुद्र दिसेनासा होतो. मोन्ताल्बानोच्या एका कादंबरीत इतर मुलांचा खाऊ चोरणारे एक भुकेले ट्यूनिशियन पोर आहे. १९९६ सालची ती कादंबरी. पुतणीने मला तिचा गोषवारा आधी सांगितला होता, पण ती शेते पाहिल्यावर ते पोर कुठून आले ते कळले. पुढे गेला लागते. १९४३ च्या जुलैत दोस्तांच्या फौजा याच किनाऱ्यावर उतरल्या. १९५६ मध्ये इथे तेल सापडले, मागोमाग प्रचंड कारखाना आला, आणि तेलशुद्धीचे जुने काम पुढे बंदही पडले. धुरांडी अजून उभी आहेत. पहिल्या कादंबरीतला तो समुद्राकाठचा कारखाना आणि पदवीधर झाडूवाले माझ्या डोळ्यांसमोर आले. ऊन आणि निळे पाणी तिथेही पुंता सेक्काइतकेच सुंदर होते.

वाटेत एका टपरीवर आम्ही आरांचिनी खाल्ले. भाताचा गोळा, आत सारण, वरून तळलेला. आकार-रंग संत्र्यासारखा म्हणून हे नाव. मोन्ताल्बानोचा हा जीव की प्राण. एका कथेत त्याची स्वयंपाकीण आदेलिना नववर्षाच्या रात्री आरांचिनी करणार म्हणून तो प्रेयसीबरोबरचा बेत मोडतो. आदेलिनाची मुले अट्टल चोर, आणि त्यांना पकडणारा हाच! बेटाच्या पूर्वेकडे हा शब्द पुल्लिंगी आणि पालेर्मोकडे स्त्रीलिंगी, आणि यावरून तिथे भांडणे होतात, असे पुतणीने सांगितले. मी शाकाहारी, पालक आणि चीज घातलेला एक मिळाला. आमच्या सराफ्यात तो खपला असता.

खाता खाता पुतणीने मूळ पुस्तक काढले आणि इंग्रजीत मला जे दिसले नव्हते ते दाखवले. कामिल्लेरींची भाषा सरळ इटालियन नाही. त्यांच्या घरात इटालियन आणि सिसिलियन यांची जी सरमिसळ बोलली जाई, ती त्यांनी तशीच कागदावर आणली आणि तिच्यावर आयुष्यभर मेहनत घेतली. 'पाहणे' याला इटालियन शब्द 'ग्वार्दारे'. यांचा निवेदक म्हणतो 'तालियारे'. मिलानच्या वाचकाला प्रथम अडखळायला होते, मग दहा-पंधरा पानांत कान बसतो. मोन्ताल्बानोचे सारे कौशल्य या भाषेत आहे. वरिष्ठापुढे तो कचेरीतले इटालियन इतके अलंकारिक बोलतो की साहेबाला आपली टिंगल होते आहे हे कळतही नाही. म्हातारा शेतकरी समोर आला की तो सिसिलियनमध्ये शिरतो, आणि मग झडपा उघडतात. पार्माच्या बेल्लोदीकडे सचोटी होती, बुद्धी होती; ही किल्ली नव्हती.

या भाषेची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९६७–६८ च्या सुमाराची गोष्ट. वडील अंथरुणाला खिळलेले होते आणि कामिल्लेरी त्यांच्या उशाशी बसत. मनात घोळत असलेल्या कादंबरीची गोष्ट त्यांनी वडिलांना घरच्या बोलीत सांगितली आणि म्हणाले की इटालियनमध्ये मला ही लिहिता येत नाही. वडील म्हणाले, मला सांगितलीस तशीच लिही. ती कादंबरी तशीच लिहिली गेली, दहा वर्षे प्रकाशकांकडून परत येत राहिली आणि १९७८ साली एकदाची निघाली. १९८० च्या पुढच्या कादंबरीत व्हिगाता प्रथम अवतरले; प्रकाशकाने तिला शब्दार्थांची यादी जोडून घेतली. खुद्द शाशांनीही, स्वतः सिसिलीचे असून, इतके सिसिलियन शब्द वापरू नका, लोकांना कळणार नाही, असे त्यांना सांगितले होते. कामिल्लेरींनी ऐकले नाही. मोन्ताल्बानोची अखेरची कादंबरी त्यांनी २००५ सालीच लिहून प्रकाशकाच्या स्वाधीन केली होती, आपल्या मागे छापावी म्हणून. २०१६ मध्ये त्यांनी ती परत हाती घेतली आणि कथानकाला धक्का न लावता फक्त भाषा बदलली. तोवर त्यांची दृष्टी जात चालली होती. पुढची पुस्तके त्यांनी तोंडी सांगून लिहवली.

हे ऐकताना मला आमच्या आत्याची आठवण झाली, आणि ती इथे सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. दक्षिणेत, म्हणजे आपण इंदूरकर ज्याला दक्षिण म्हणतो त्या महाराष्ट्रात, आमच्या जुन्या वाड्यातल्या एका खोलीवरून दावा चालू होता. एक दूरचा नातलग म्हणत होता की मी त्या खोलीत राहत होतो. आत्या साक्षीला उभी राहिली. मी नवा वकील, मागे बसलेला. तिला विचारले की त्या दिवशी तुम्ही त्यांना पाहिले का? ती म्हणाली, "हो, मी अंगणात होते तेव्हा तो घरी येऊन राहिला होता." इंदूरच्या कुठल्याही मराठी घरात याचा अर्थ एकच, की तो घरी येत होता, वाटेत दिसला. लिहून घेणाऱ्याने लिहिले की तो घरी येऊन राहिला होता, म्हणजे मुक्कामाला होता. शब्द तेच. तेवढ्यावर समोरच्या वकिलाने आपली बाजू उभी केली. मी उठून सांगायला हवे होते. पण ते शहर, त्यांची ती स्वच्छ मराठी, आणि 'आमच्याकडे असे बोलतात' हे भर कोर्टात कबूल करण्याची लाज. मी बसून राहिलो. खोली गेली. खोलीचे एवढे काही नव्हते. पण आत्या शेवटपर्यंत म्हणत असे, "मी खोटं नव्हते रे बोलले." मोन्ताल्बानो तिथे असता तर त्याने एका वाक्यात उलगडा केला असता, असे मी त्या टपरीवर पुतणीला म्हणालो. तिने हा किस्सा वडिलांकडून ऐकला होता. मी बसून राहिलो, हा भाग मात्र दादांनी तिला सांगितला नव्हता.

पोर्तो एम्पेदोक्ले दिसायला सुंदर नाही. मागच्या डोंगरावर आग्रिजेन्तो हे जुने शहर, आणि त्याच्या पायथ्याशी जगप्रसिद्ध ग्रीक देवळे. त्यांच्या छायेत हे बंदर. शतकानुशतके त्याला स्वतःचे नावही नव्हते, 'आग्रिजेन्तोचा धक्का' एवढीच ओळख. अठराव्या शतकात हा धक्का बांधायला झ्यूसच्या देवळाचे पडलेले दगड आणले. १८६३ साली गावाला एम्पेडोक्लीज या तत्त्वज्ञाचे नाव दिले. पृथ्वी, आप, तेज, वायू ही चार तत्त्वे त्याने सांगितली. आपल्या पाचांतले आकाश तेवढे राहिले. नंतर गंधकाच्या व्यापाराने गाव पोसले गेले. आज मासेमारी आहे, वीजकेंद्राची धुरांडी आहेत, आणि मालिकेचे पर्यटक बहुतेक पुंता सेक्कालाच थांबतात. २००३ साली गावाने आपल्या नावापुढे 'व्हिगाता' हे नाव अधिकृतपणे जोडून घेतले, आणि २००९ साली ते पुन्हा काढून टाकले. मुख्य रस्त्यावर मोन्ताल्बानोचा पुतळा आहे. मालिकेतला नट टकलाचा. या पुतळ्याला केस आहेत, मिशा आहेत, कादंबरीत आहेत तशा. मुलगा म्हणाला की हा तो नव्हेच. मी म्हणालो, हाच तो.

बंदरावर पाचव्या चार्ल्सच्या नावाचा एक बुरूज आहे. पूर्वी त्यात कैदी ठेवीत. १८४८ च्या जानेवारीत, क्रांतीच्या गडबडीत, ११४ कैदी त्या बुरुजात रखवालदारांच्याच हातून मारले गेले. इतिहासात या घटनेची दखल कुणी घेतली नव्हती. कामिल्लेरींनी जुने कागद धुंडाळून १९८४ साली तिच्यावर एक छोटे पुस्तक लिहिले आणि मेलेल्यांची नावे छापली. मोन्ताल्बानो जन्माला यायला त्या वेळी दहा वर्षे होती. बुरुजाखाली कठड्यावर चार म्हातारे गप्पा मारीत होते. पुतणीने त्यांना दीपस्तंभाखालच्या सपाट खडकाविषयी विचारले. एकाने पूर्वेकडचा धक्का दाखवला, दुसऱ्याने मान हलवून पश्चिमेकडचा. तिसरा म्हणाला, खडक पूर्वी होता. चौथा काही बोलला नाही.

आम्ही पूर्वेकडे गेलो. दीपस्तंभ होता. खाली लाटा अडवायला टाकलेले दगडच दगड; त्यांतले पाच-सहा सपाट म्हणावे असे. एक निवडून मी बसलो. दगड दिवसभराच्या उन्हाने तापलेला होता. खेकडा दिसला नाही.

समोरच्या पाण्याविषयी एक गोष्ट मला आधीच ठाऊक होती. २००३ सालच्या कादंबरीत मोन्ताल्बानो सकाळी नेहमीसारखा पोहायला जातो आणि हात मारता मारता पाण्यातल्या एका प्रेतावर आपटतो. तपास करता करता तो समुद्र ओलांडून येणाऱ्या निर्वासितांपर्यंत आणि त्यांच्या मुलांच्या व्यापारापर्यंत पोहोचतो. तेव्हा अनेकांना ते अवास्तव वाटले असेल. ३ ऑक्टोबर २०१३ रोजी दक्षिणेच्या लाम्पेदूसा बेटाजवळ एक नौका उलटून ३६८ माणसे बुडाली, आणि शवपेट्या जहाजाने आणून उतरवल्या त्या याच बंदरात. कित्येकांची नावे कळली नव्हती. आम्ही गेलो तेव्हा त्याला नुकतीच दहा वर्षे झाली होती. पुतणीने हे मला मराठीत सांगितले, मुलाला कळू नये म्हणून बहुधा आवाज खाली आणून. पण त्याला मराठी समजते, हे ती विसरली असावी.

अंधार पडला तरी आम्ही तिथेच होतो. ऊन उतरल्यावर गाव बाहेर आले. धक्क्यावर जोडपी, लहान मुले, आईस्क्रीमच्या गाड्या. पलीकडे एका मोठ्या बोटीत मालाच्या मोटारी चढत होत्या. रात्री भोंगा वाजला आणि ती हलली. मुलगा उठून उभा राहिला, माझ्याकडे वळला, आणि त्या साऱ्या प्रवासात पहिल्यांदाच मला मराठीत म्हणाला, "आजोबा, ही बोट कुठे जाऊन राहिली आहे?"

"लाम्पेदूसाला," मी म्हणालो.